हॅमस्ट्रिंग दुखावल्यानंतरचे पहिले दहा दिवस : कोणते व्यायाम, केव्हा आणि किती

पोलीस भरतीची मैदानी चाचणी जवळ आली की आमच्याकडे एक ठरावीक रुग्ण येऊ लागतो. वय एकोणीस-वीस, लंगडत आत येतो, बरोबर वडील किंवा मोठा भाऊ. शंभर मीटर पळताना शेवटच्या टप्प्यात मांडीच्या मागे कुणीतरी दगड मारल्यासारखे वाटले, असे तो सांगतो. त्यानंतरच्या चार दिवसांत त्याने बहुधा तीन गोष्टी केलेल्या असतात. गरम तेलाने मांडी चोळून घेतलेली असते. ‘शीर मोकळी व्हावी’ म्हणून पाय बाकावर ठेवून ताणलेला असतो. आणि ‘बघू, जमतंय का’ म्हणून एकदा पहाटे मैदानावर हळूच पळूनही पाहिलेले असते.

दुसरा रुग्ण याच्या अगदी उलट. वय चाळिशीच्या पुढे, माजी विद्यार्थ्यांच्या क्रिकेट सामन्यात दुसरी धाव घेताना मांडी धरून खाली बसलेला. घरच्यांनी त्याला आठ दिवस पलंगावरून उतरू दिलेले नाही. पाणीसुद्धा हातात दिले जाते. दुखणे कमी झाले आहे, पण पाय आखडला आहे आणि चालताना भीती वाटते.

दोघांचेही बरे होणे लांबते. दुखावलेल्या स्नायूला पहिल्या दहा दिवसांत ताणायचे नसते आणि निजवूनही ठेवायचे नसते. त्याला थोडे थोडे काम द्यायचे असते, आणि ते किती द्यायचे हे दुखण्याकडे बघून ठरवायचे असते. हा लेख त्या ‘थोड्या थोड्या कामा’बद्दल आहे.

नेमके काय दुखावते?

खुर्चीवर बसा, टाच जमिनीत घट्ट रोवून मागे ओढल्यासारखी करा आणि गुडघ्याच्या मागे हात लावा. दोन्ही बाजूंना दोरीसारख्या ताठ शिरा हाताला लागतील. या शिरा म्हणजे रक्तवाहिन्या नव्हेत, हॅमस्ट्रिंग स्नायूंचे ते कंडरे आहेत. मांडीच्या मागच्या बाजूला असे तीन स्नायू असतात. बसल्यावर आपण ज्या हाडावर टेकतो तिथून ते निघतात आणि गुडघ्याच्या खाली जाऊन चिकटतात. म्हणजे ते खुबा आणि गुडघा अशा दोन सांध्यांवरून जातात. गुडघा वाकवणे आणि मांडी मागे नेणे ही त्यांची कामे.

पळताना मात्र त्यांच्यावर तिसरे, जास्त अवघड काम पडते. पाय हवेत पुढे फेकला जातो तेव्हा त्याला जमिनीला टेकण्याआधी आवरून धरायचे असते. उतारावरून गाडी सोडताना ब्रेक लावून धरावा तसे. या क्षणी स्नायू लांबही होत असतो आणि जोरही लावत असतो. वेगात पळताना बहुतेक दुखापती इथेच होतात, आणि त्यात मांडीच्या मागचा बाहेरच्या बाजूचा स्नायू सर्वांत जास्त वेळा सापडतो. १६०० मीटरच्या धावण्यात जो पाय त्रास देत नाही तो १०० मीटरला दगा देतो, याचे कारण हे.

दुखापतीचा दुसरा प्रकार पाय खूप लांबवताना होतो. कबड्डीत टो-टच करताना, नाचात पाय उंच नेताना, ओल्या फरशीवर पाय पुढे सरकून जाताना. यात दुखणे वर, बसायच्या हाडाजवळ असते. सुरुवातीला हा प्रकार सौम्य वाटतो, चालताही येते. बरे व्हायला मात्र पळताना झालेल्या दुखापतीपेक्षा जास्त दिवस लागतात. म्हणून ‘फारसे दुखत नाही’ यावर जाऊ नका, कुठे दुखते तेही पाहा.

दुखापतीच्या तीव्रतेचे तीन टप्पे मानतात. पहिल्यात थोडे तंतू दुखावतात, चालता येते पण पळता येत नाही. दुसऱ्यात स्नायूचा बराच भाग फाटतो, माणूस लंगडतो, एक-दोन दिवसांत काळेनिळे पडते. तिसऱ्यात स्नायू किंवा त्याचा कंडरा पूर्ण तुटतो. या लेखातले व्यायाम पहिल्या आणि सौम्य दुसऱ्या टप्प्यासाठी आहेत.

व्यायामाला हात घालण्याआधी

पुढीलपैकी काहीही असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, व्यायाम नंतर. ‘कट’ असा आवाज झाला आणि त्यानंतर पायावर भार टाकताच येत नाही. मांडीत खड्डा किंवा गोळा हाताला लागतो. काळानिळा डाग खूप मोठा आहे आणि वाढतो आहे. दुखणे नेमके बसायच्या हाडावर आहे आणि कठीण जागेवर बसवत नाही. पायाला मुंग्या, बधिरपणा आहे किंवा पाऊल उचलताना लुळे वाटते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत.

दोन वयोगटांबद्दल मुद्दाम सांगतो. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांमध्ये बसायच्या हाडाची वाढ पूर्ण झालेली नसते. त्यांच्यात स्नायू फाटण्याऐवजी हाडाचा तुकडाच उपटून येऊ शकतो. खो-खो खेळणाऱ्या शाळकरी मुलाच्या नितंबाखाली अचानक कळ आली असेल तर ‘लचक भरली’ म्हणून सोडून देऊ नका, एक्स-रे काढून घ्या. पन्नाशीच्या पुढच्या, घसरून पडलेल्या माणसांत वरचा कंडरा पूर्ण तुटलेला असू शकतो. त्याचे निदान लवकर झाले तर शस्त्रक्रियेचा विचार वेळेवर करता येतो. काही महिन्यांनी तीच शस्त्रक्रिया अवघड होते.

धावताना किंवा घसरताना काही झालेलेच नाही, तरी कंबरेपासून मांडीच्या मागे आणि पुढे पोटरीपर्यंत कळ जाते, असे असेल तर मूळ कंबरेत असू शकते. त्यावर हे व्यायाम उपाय नाहीत.

सौम्य दुखापतीत एमआरआयची गरज सहसा पडत नाही. डॉक्टर हाताने तपासून बरेच सांगू शकतात.

पहिले दोन दिवस

स्नायूतल्या बारीक रक्तवाहिन्या फाटून आत रक्तस्राव झालेला असतो. तो वाढू न देणे हे या दोन दिवसांचे काम. मांडीला क्रेप बँडेज बांधा. गुडघ्याच्या वरून सुरू करून नितंबाकडे जा. घट्ट असावे, पण पाऊल थंड पडेल किंवा मुंग्या येतील इतके नको. झोपताना सोडा. बर्फ कापडात गुंडाळून दहा ते पंधरा मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा लावला तर दुखणे कमी होते. बर्फाने स्नायू लवकर जुळतो असा पक्का पुरावा नाही, त्यामुळे बर्फ मिळाला नाही तर बिघडत नाही. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेल्यांनी बर्फ लावू नये.

आता न करायच्या गोष्टी. शेक नको, गरम पाण्याची पिशवी नको, चोळणे तर अजिबात नको. मालीश करणारा कितीही अनुभवी असो, ताज्या जखमेवर जोराने बोटे फिरवली की आतला रक्तस्राव वाढतो. क्वचित त्या साकळलेल्या रक्तात पुढे हाडासारखा कठीण भाग तयार होतो आणि मग महिनोन्‌महिने मांडी दुखत राहते. आंबेहळदीचा लेप हलक्या हाताने लावलात तर माझी हरकत नाही. लेप लावताना घरातले कुणी मांडी रगडू लागले की मात्र हरकत आहे.

दुखणे फार असेल तर पॅरासिटामॉल पुरते. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका. पोट आणि मूत्रपिंडांना त्या त्रासदायक ठरू शकतात. शिवाय आणखी एक अडचण आहे. पुढचे सगळे व्यायाम दुखण्याच्या इशाऱ्यावर चालायचे आहेत, आणि गोळीने तो इशाराच बंद होतो. इंजेक्शन घेऊन मैदानात उतरण्याबद्दल तर बोलायलाच नको.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी काळानिळा डाग खाली, गुडघ्यामागे किंवा पोटरीवर उतरलेला दिसतो. घरचे यामुळे हमखास घाबरतात. साकळलेले रक्त वजनाने खाली सरकलेले असते, दुखापत वाढलेली नसते. पण पोटरी सुजली, गरम झाली, दाबल्यावर दुखू लागली किंवा धाप लागली तर ते वेगळे. तेव्हा लगेच दवाखाना गाठा.

ताणायचे का नाही?

‘स्नायू आखडलाय, मग ताणला तर मोकळा होईल’ हे ऐकायला पटते. पण तो आखडलेला नाही, फाटलेला आहे. दोन तुकड्यांना जोडणारी नवी पेशी पहिल्या दहा दिवसांत ओल्या सिमेंटसारखी असते. दोन्हीकडून ओढली की जोड सुटतो. पायाची बोटे धरायला वाकणे, पश्चिमोत्तानासन, पादहस्तासन, सूर्यनमस्कारातले पुढे वाकणे हे सगळे आठ-दहा दिवस बाजूला ठेवा. रोज योगासने करणाऱ्यांना हे जड जाते, मला ठाऊक आहे.

२००४ साली अमेरिकेत २४ खेळाडूंवर झालेला एक छोटा अभ्यास या बाबतीत नेहमी सांगितला जातो. अकरा जणांना हॅमस्ट्रिंग ताणण्याचे आणि फक्त त्याच स्नायूच्या ताकदीचे व्यायाम दिले. तेरा जणांना बाजूला पावले टाकणे, एका पायावर तोल सांभाळणे, पोट-कंबर स्थिर ठेवणे असे व्यायाम दिले. खेळायला परतल्यावर दोन आठवड्यांतच पहिल्या गटातल्या सहा जणांना तीच दुखापत पुन्हा झाली. दुसऱ्या गटात एकालाही नाही. संख्या लहान आहे, त्यामुळे यावरून फार मोठे दावे करू नयेत. पण त्यानंतर ताणण्यावरचा भर कमी झाला तो योग्यच झाला.

मग नुसती विश्रांती घ्यावी का? डेन्मार्कमध्ये ५० हौशी खेळाडूंवर झालेला आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास इथे उपयोगी पडतो. मांडीच्या किंवा पोटरीच्या स्नायूला दुखापत झालेल्या या खेळाडूंपैकी निम्म्यांचे व्यायाम दुखापतीनंतर दोन दिवसांनी सुरू केले, निम्म्यांचे नऊ दिवसांनी. लवकर सुरुवात करणारे साधारण ६२ दिवसांत खेळाकडे परतले, उशिरा करणारे ८३ दिवसांत. सुरुवातीचा एक आठवडा वाया गेला, पण शेवटी फरक तीन आठवड्यांचा पडला. पलंगावर झोपवून ठेवणाऱ्या घरच्यांना मी हे आकडे सांगतो.

हलका भार पडला की नवे तंतू ओढीच्या दिशेने, एका रांगेत बसतात. भारच नसेल तर ते कसेही, गुंत्यासारखे जुळतात.

दुखण्याची मोजपट्टी

शून्य म्हणजे काहीच दुखत नाही आणि दहा म्हणजे सहन होण्यापलीकडे, अशी पट्टी मनात धरा. व्यायाम करताना तीनपर्यंत दुखले तर चालते. ते जाणवणारे, ठसठसणारे दुखणे असावे. सुईसारखी टोचणारी कळ किंवा ‘आता सुटेल’ असे वाटणे हा आकडा नाही, तो थांबण्याचा इशारा आहे. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी चारपर्यंतचे दुखणे चालवून घेतलेल्या आणि अजिबात दुखू न दिलेल्या अशा दोन गटांची तुलना केली होती. थोडे दुखू देणाऱ्यांचे नुकसान झाले नाही, उलट दोन महिन्यांनी त्यांच्या पायात ताकद जास्त होती. तो व्यायाम तज्ज्ञांच्या देखरेखीखाली झाला होता. तुम्ही घरी करणार आहात म्हणून मी तीनवर थांबायला सांगतो.

दुसरी खूण दुसऱ्या दिवशी सकाळची. पलंगावरून उठताना पाय कालच्यापेक्षा जास्त दुखतो किंवा आखडला आहे का? असेल तर काल जास्त झाले. आज निम्मे करा. तसाच किंवा बरा असेल तर आज तेवढेच किंवा थोडे अधिक करा. एका वहीत रोज दोन आकडे लिहा, सकाळचे दुखणे आणि व्यायामातले दुखणे. पुढच्या भेटीत ही वही डॉक्टरांना दाखवलीत तर त्यांचे निम्मे काम होते.

दिवस पहिला-दुसरा : पाऊल हलवणे आणि टाच दाबणे

पाय पसरून पाठीवर झोपा, गुडघ्याखाली पातळ उशी घ्या. पाऊल वर-खाली हलवा, तासा-दोन तासांनी वीस वेळा. याने रक्ताभिसरण चालू राहते.

दुसऱ्या दिवसापासून, दुखणे परवानगी देत असेल तर, टाच दाबायला सुरुवात करा. हा या दहा दिवसांतला सर्वांत महत्त्वाचा व्यायाम आहे, आणि बाहेरून पाहणाऱ्याला काहीच चालले नाही असे वाटते. पाठीवर झोपून गुडघा थोडासा वाकवा, टाच गादीवर टेकलेली. आता टाच गादीत खाली आणि किंचित नितंबाकडे दाबा. पाय हलायचा नाही, फक्त मांडीचा मागचा भाग कडक झालेला हाताला कळला पाहिजे. पाच मोजेपर्यंत धरा, सोडा, पाच मोजेपर्यंत थांबा. असे आठ ते दहा वेळा, दिवसातून तीनदा. पहिल्या दिवशी आपल्या पूर्ण जोराच्या पाव जोर पुरे. दुखत नसेल तर दोन-तीन दिवसांत निम्म्या जोरावर या आणि धरण्याची वेळ दहापर्यंत न्या. श्वास रोखू नका, मोठ्याने आकडे मोजले की तो आपोआप चालू राहतो.

चौथ्या-पाचव्या दिवशी हाच व्यायाम गुडघ्याचा कोन बदलून करा. एकदा जास्त वाकवून, एकदा कमी वाकवून. गुडघा जितका सरळ तितका स्नायू लांब, आणि काम तितके कठीण. म्हणून वाकलेल्याकडून सरळकडे जायचे.

दिवस तिसरा ते पाचवा : हालचाल

पाठीवर झोपून टाच गादीवरून सरकवत नितंबाकडे आणा आणि तशीच सावकाश परत न्या. दहा वेळा. पायात मोजा घातला किंवा टाचेखाली प्लास्टिकची पिशवी ठेवली की पाय सहज सरकतो. परत नेताना घाई होते, आणि दुखते ते तिथेच. चार मोजत न्या.

हे जमले की पोटावर झोपा, पोटाखाली उशी घ्या. गुडघा वाकवून टाच छताकडे आणा आणि हळू खाली सोडा. सुरुवातीला पाय उचलत नसेल तर चांगला पाय खालून आधाराला द्या. आठ वेळा.

मग ब्रिज, म्हणजे आपले सेतुबंधासन, पण अर्धेच. पाठीवर झोपून दोन्ही गुडघे वाकवा, पावले नितंबांपासून वीतभर अंतरावर. नितंब आवळा आणि कंबर चार बोटे उचला. तीन मोजा, खाली या. आठ वेळा, दोन फेऱ्या. पावले नितंबांच्या जितकी जवळ तितका भार नितंबाच्या स्नायूंवर जातो, लांब नेली की हॅमस्ट्रिंगवर येतो. म्हणून जवळून सुरुवात. मांडीच्या मागे पेटका आला तर खाली या, पाय सैल सोडा, त्या दिवशी एवढेच.

चालणे हाही व्यायामच. लंगडत लांब चालण्यापेक्षा लहान पावले टाकत सरळ चाला. पाऊल लांब टाकले की दुखते, तर पाऊल लहान करा, लय मोडू नका. काठी लागत असेल तर ती चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात धरायची. बहुतेक जण उलट धरतात. आधी घरातल्या घरात पाच मिनिटे, मग अंगणात किंवा सोसायटीत दहा-पंधरा.

दिवस सहावा ते दहावा : तोल, बाजूची पावले आणि सावकाश लांबवणे

साध्या चालण्यात दुखणे एक-दोनच्या वर जात नसेल तरच इथे या. जात असेल तर मागच्याच व्यायामांवर आणखी दोन दिवस थांबा. दिवसांचे आकडे मी सोयीसाठी दिले आहेत, पाय कॅलेंडर पाहत नाही.

स्वयंपाकघराच्या ओट्याला बोटे टेकवून दुखऱ्या पायावर उभे राहा, गुडघा किंचित वाकलेला. वीस सेकंद, चार वेळा. सोपे झाले की हात सोडा. मग बाजूला चालणे. गुडघे थोडे वाकवून, कबड्डीतल्या बचावपटूसारखे, दहा पावले उजवीकडे, दहा डावीकडे. सावकाश. या हालचालीत हॅमस्ट्रिंग फारसा लांब होत नाही, पण त्याला काम मिळते. घरी किंवा जिममध्ये व्यायामाची सायकल असेल तर बैठक थोडी खाली ठेवून, कमी भारावर दहा मिनिटे चालवा.

स्नायू लांब करणारा एकच व्यायाम मी या टप्प्यात देतो, आणि तोही ओढून धरायचा नसतो. पाठीवर झोपा. दुखऱ्या पायाची मांडी दोन्ही हातांनी गुडघ्याच्या मागे धरून सरळ उभी करा. आता गुडघा हळूहळू सरळ करा, पाऊल छताकडे जाईल. दुखायला लागण्याच्या जरा आधी थांबा आणि लगेच परत वाकवा. सुरुवातीला गुडघा अर्धाच सरळ होईल, होऊ द्या. बारा वेळा, तीन फेऱ्या, दिवसातून दोनदा. स्वीडनच्या ज्या अभ्यासातून हा व्यायाम प्रसिद्ध झाला त्यात तो दुखापतीनंतर पाच दिवसांनी सुरू केला होता. स्नायू लांबवत ताकद वाढवणाऱ्या अशा व्यायामांच्या गटातले फुटबॉलपटू सरासरी २८ दिवसांत परतले, नेहमीचे व्यायाम करणारे ५१ दिवसांत. घरच्यांना एक विनंती, ‘अजून थोडा’ म्हणत पाऊल वरून ढकलू नका.

दहाव्या दिवसाच्या आसपास ब्रिजमधली पावले थोडी लांब न्या. तेही सहज जमले तर गुळगुळीत फरशीवर पाठीवर झोपून, टाचांखाली पंचाची घडी घेऊन कंबर उचला आणि दोन्ही टाचा सावकाश पुढे सरकवा. मग कंबर खाली टेकवा आणि टाचा परत आणा. चार-पाच वेळा पुरे. याने दुसऱ्या दिवशी मांडी भरून आल्यासारखी वाटते. दोन्ही मांड्या सारख्या भरून आल्या असतील तर काळजी नाही, एकच दुखत असेल तर जास्त झाले.

घरातल्या हालचाली

व्यायाम वीस मिनिटांचा आणि बाकी दिवस तेवीस तासांहून मोठा, त्यामुळे खरी गडबड इतर वेळी होते. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. खाली पाय पसरून जेवायला बसू नका, खुर्ची घ्या. बादली उचलताना किंवा केर काढताना कंबरेतून वाकलात की हॅमस्ट्रिंग पूर्ण ताणला जातो, म्हणून गुडघे वाकवा किंवा हे काम दुसऱ्याला द्या. मोटारसायकलला किक मारू नका, आणि पाय मागून फिरवत सीटवर टांग टाकू नका. बसून काम असेल तर दर अर्ध्या तासाला उठून चार पावले चाला.

पळायला केव्हा?

तीन गोष्टी पाहा. नेहमीच्या वेगाने, नेहमीच्या लांबीची पावले टाकत चालताना दुखत नाही. पोटावर झोपून, गुडघा काटकोनात वाकवून, कुणीतरी टाच धरली असताना मध्यम जोर लावला तर दुखत नाही. आणि अगदी सावकाश, जागच्या जागी पळाल्यासारखे केले तर दुखत नाही. तिन्ही जमले तर हलके पळणे सुरू करता येते. सौम्य दुखापतीत इथवर यायला एक ते दोन आठवडे लागतात, मध्यम दुखापतीत त्याहून जास्त. पूर्ण वेगाने पळणे ही पुढची पायरी, आणि त्याआधी स्नायूला लांब होत जोर लावण्याची ताकद कमवावी लागते. ते व्यायाम फिजिओथेरपिस्टसमोर शिका. गुडघ्यावर उभे राहून पुढे झुकण्याचा नॉर्डिक व्यायाम पाहून पाहून बरेच जण दुसऱ्या आठवड्यातच सुरू करतात. तो उत्तम व्यायाम आहे, पण या टप्प्याचा नाही.

परत पळायला लागल्यावरचे पहिले दोन आठवडे सर्वांत जोखमीचे असतात, कारण दुखणे गेलेले असते आणि ताकद आलेली नसते.

राहिला भरतीचा प्रश्न. चाचणी दहा दिवसांवर असेल आणि पायाला दुसऱ्या टप्प्याची दुखापत असेल तर १०० मीटरला पूर्ण जोर लावणे म्हणजे तोच स्नायू पुन्हा, आणि बहुधा जास्त, फाडून घेणे. हे मुलाला सांगताना वडिलांचा चेहरा बघवत नाही. चाचणी चार-पाच आठवड्यांवर असेल आणि दुखापत सौम्य असेल तर बऱ्याचदा जमते. त्यासाठी आज मैदानावर ‘बघू, जमतंय का’ हा प्रयोग करायचा नाही. गोळाफेकीचा सराव करायचा असेल तर पहिल्या आठवड्यात खुर्चीवर बसून हाताचा आणि खांद्याचा करा. उभे राहून पायाचा झटका देणे दोन्ही पायांवर ब्रिज सहज जमू लागल्यावर, आणि तेही फिजिओथेरपिस्टना विचारून. धावण्याच्या तारखेआधी किमान दोन वेळा पूर्ण वेगाने, न दुखता पळून झालेले असले पाहिजे. तारखेच्या दिवशी पहिल्यांदाच पूर्ण वेग लावायची वेळ येणार असेल, तर त्याआधी एकदा भेटायला या.